साहेबांना वास आला

तुम्हा प्रदूषण मंडळवाल्यांना नाक नाही, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो, साहेब. ते खोटं निघालं. तुम्हाला नाक आहे, गाडी आहे, गाडीत डिझेल आहे आणि कुंभवलीचा रस्ताही ठाऊक आहे. एवढं सगळं असून तुम्ही येत नव्हता, एवढंच. रविवारी आलात. कशासाठी आलात ते तुमच्या कागदावर तुमच्या पद्धतीनं लिहिलेलं आहेच. इथे जसं घडलं तसं लिहिलंय.

कुंभवलीतल्या एका बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर भाग्येश राहतो. तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटदाराकडून मेंटेनन्सचं काम करतो, म्हणजे पंप बंद पडला की पंपाला सोडून सगळे त्याला शिव्या घालतात. कंत्राटदारानं त्याला सोमवारपासून पालघरच्या पलीकडच्या साइटवर टाकलं होतं. सकाळी सातला गेटवर हजर, नाहीतर गेटपास जमा. त्या वेळेला तिकडे रिक्षा मिळत नाही. साधन एकच, भाग्येशची मोटारसायकल. आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्या पोटात घरघर सुरू झाली.

बोईसरच्या मेकॅनिकनं कान लावून ऐकलं. "क्रँकचं बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू."

"सोमवारी सकाळी पाहिजे."

"मग ने तशीच. जिथे बंद पडेल तिथून फोन कर."

भाग्येश नवं बेअरिंग घेऊन घरी आला आणि त्यानं बायकोला, समिधाला, जाहीर करून टाकलं, "इंजिन मीच उतरवतो. रोज पंपांची बेअरिंगं बसवतो मी. पंप काय, इंजिन काय."

"तुम्ही बसवलेला पंप चालतो का?"

"चालतो म्हणजे काय, पळतो."

"मग रोज का बसवायला लागतो?"

भाग्येश पान्यांची पेटी शोधण्यात गर्क झाला.

शनिवारी त्यानं बिल्डिंगीच्या अंगणात काम काढलं. तेल काढलं, सायलेन्सर सोडला, चेन काढली, कार्बोरेटर लोंबकळत ठेवला. अंगण साखरबाईंचं. बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे आणि त्या तळमजल्यावर राहतात. त्यांनी चादरीवर सुकट वाळत घातली होती. काळ्या तेलाचा ओघळ चादरीच्या दिशेनं निघाला तशा त्या काठी घेऊन बाहेर आल्या.

"भाग्येशा, माझ्या सुकटीला तेलाचा वास लागला ना, तर तुलाच खायला घालीन. उचल ते तुझं."

"मावशी, थोडा वेळ. इंजिन सुटतंच आहे."

"थोडा नाय नि बिडा नाय. वर ने. आमच्याकडं वास काय कमी हाय, त्यात तुझा आनि एक?"

साखरबाईंना वासाचा कंटाळा आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात, साहेब. पहाटे आंबट वास येतो. संध्याकाळी सडक्या कांद्याचा येतो. ढगाळ हवा असली की औषधाची बाटली फुटल्यासारखा येतो आणि डोळे चुरचुरतात. साखरबाई दर वेळी तुमच्या नंबरावर फोन करतात. तिकडून एक बाई गोड आवाजात सांगते, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. साखरबाई तिला दर वेळी विचारतात, "जेवलीस का गं?" कारण बोलायला दुसरं काही उरलेलंच नसतं.

तर इंजिन वर न्यायचं ठरलं. समिधाच्या जुन्या चादरीत ते गुंडाळून भाग्येश आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोन बिहारी कामगार जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून हळहळत विचारलं, "कोण पडलं?" भाग्येश म्हणाला, "कोणी नाही, इंजिन आहे," तरी त्या घरानं लगेच टीव्हीचा आवाज बारीक केला.

रात्री इंजिनाचे सगळे भाग स्वयंपाकघराच्या फरशीवर आले. भाग्येशनं नवं बेअरिंग प्लॅस्टिकच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, मांदेलीच्या डब्याशेजारी.

"हे तिथे कशाला?" समिधानं विचारलं.

"बेअरिंग गार केलं की आकसतं. उद्या ही केस, म्हणजे इंजिनाची पेटी, गॅसवर तापवायची. ती फुगते. मग बेअरिंग नुसतं सोडायचं, आपोआप बसतं. हातोडा मारायला लागत नाही. कंपनीत असंच करतो."

"कंपनीत गॅसवर?"

"कंपनीत ओव्हन आहे. तत्त्व तेच."

"आणि ती पेटी धुणार कधी?"

"पुसलीये ना फडक्यानं."

सगळं तिथे चुकलं. केसच्या खाचाखोचांत जुनं तेल होतं, कडांना जुन्या पॅकिंगचा डिंक चिकटलेला होता, आणि ते पुसायचं फडकं भाग्येशच्या दोन बोटांपेक्षा खोल गेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी त्यानं मोठ्या शेगडीवर भाकरीचा तवा ठेवला, त्यावर केस ठेवली आणि आच बारीक केली. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र झालं पाहिजे, तोवर थांबायचं. थेंब टाकला. नुसता ओघळला. पुन्हा टाकला. तेवढ्यात खाचेतून एक निळसर धूर निघाला. भाग्येशनं पंखा लावला, आणि पंख्यानं आपलं काम चोख केलं. धूर थेट बाहेरच्या जिन्यात, जिन्यातून अंगणात.

अंगणात साखरबाई सुकट उलटत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी नाक वर केलं, डावीकडे केलं, उजवीकडे केलं.

"हा नवा हाय," त्या म्हणाल्या. "हा आपल्यातला नाय."

जुन्या वासांची लोकांना सवय असते. नव्याची धडकी भरते. साखरबाईंनी तुमच्या नंबरावर फोन लावला आणि पदर नाकाला लावून ओरडून सांगितलं, "बाई, आज जेवन विचारत नाय. आज गॅस फुटला." ते ऐकून पहिल्या मजल्यानं दारं उघडली. तिसऱ्या मजल्यावरचे कामगार पिशव्या घेऊनच खाली धावले. जिन्यातून हाक आली, "भाभी, निकलो, लीक है, लीक है."

भाग्येशनं ती हाक ऐकली, आणि इतकी वर्षं कारखान्यात घेतलेलं सुरक्षेचं सगळं प्रशिक्षण त्याच्या अंगात संचारलं.

"समिधा, कंपनीचा गॅस सुटलाय. खिडक्या लाव. पंखा बंद कर. दाराखाली ओला टॉवेल."

खिडक्या लागल्या, पंखा थांबला, टॉवेल बसला. मग साहजिकच धूर घरात कोंडला. समिधाला ठसका लागला.

"बघ," भाग्येश ओल्या रुमालातून म्हणाला, "आत पण शिरला."

"चला खाली."

"जातो कसा? केस तापत आलीये. आता सोडली तर परत पहिल्यापासून. उद्या सात वाजता गेटवर मी काय तवा घेऊन उभा राहू?"

"मेलात तर गेटपास काय करायचाय?"

"दोन मिनिटं. तू जा पुढं."

समिधा गेली नाही. खाली माणसं खोकत होती, कुणीतरी रेशनच्या दुकानाबाहेर टांगलेली लोखंडी कांब बडवून गाव जागा करत होतं, आणि वर भाग्येश डोळ्यांतलं पाणी पुसत थेंब टाकत होता. चुर्र. थेंब नाचला आणि उडून गेला. समिधानं फ्रीजर उघडला, चुकून मांदेलीचा डबा दिला, मग बरोबर डबा दिला. भाग्येशनं गॅस बंद केला, हातमोज्यांनी केस फळीवर ठेवली, श्वास रोखून बेअरिंग तोंडाशी धरलं आणि सोडलं.

टक.

सरळ बसलं. बोटानं फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. असं बेअरिंग त्याच्या हातून कंपनीत कधी बसलं नव्हतं. तो फरशीवर मांडी घालून हसत बसला.

समिधा मात्र नाक वर करून उभी होती, अगदी साखरबाईंसारखी. "अहो."

"काय?"

"तुम्ही गॅस बंद केलात, आणि वास कमी झाला."

भाग्येशचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं तव्याकडे पाहिलं. तव्यावर काळं तेल अजून एक शेवटचा बुडबुडा सोडत होतं.

"सांगून टाकतो खाली जाऊन," तो उठत म्हणाला.

त्याच वेळी बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. समिधानं खिडकी बोटभर उघडली. पांढरी जीप, वर पाटी, दाराला हात लावून उतरणारे तुम्ही, आणि मागे हवा तपासायच्या यंत्राची पेटी घेतलेला माणूस. अंगणातल्या माणसांचा खोकला थांबला. कुंभवलीत तुमची जीप. साखरबाईंनी घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर आणून पदरानं पुसली आणि नारळ सोलायला सांगितला.

समिधानं नवऱ्याचा हात धरला. "थांबा. काही बोलू नका."

"अगं, आपलाच धूर आहे."

"असू दे. आपल्या धुरासाठी का होईना, माणूस आलाय. आता मावशी त्यांना पहाटेचं सगळं सांगतील. तुम्ही तोंड उघडलंत तर ते जीपमध्ये बसून जातील."

भाग्येश जिन्यावर उभा राहिला. सांगावं तर आलेली जीप जाते. न सांगावं तर धूर आपलाच. खाली साखरबाई सांगत होत्या, "साहेब, पाटे आंबट येतो, सांजचा सडका. आमच्या पोरांचे डोले लाल होतात. तुमी एकदा पाटे या." तुम्ही नारळाचं पाणी पीत ऐकत होता. ते ऐकताना तुमच्या तोंडावर कंटाळा होता, हे दुसऱ्या मजल्यावरूनही दिसत होतं.

मग यंत्रवाल्यानं यंत्र हवेत धरलं. ते टिकटिकलं. कारखान्यांच्या बाजूला फिरवलं, तर गप्प. जिन्याच्या बाजूला फिरवलं, तर टिकटिक. तुम्ही नारळ खाली ठेवला आणि पहिल्यांदा ताठ बसलात. यंत्र पुढे, त्याच्या मागे तुम्ही, तुमच्या मागे सगळी बिल्डिंग, अशी मिरवणूक जिना चढून भाग्येशच्या दारात आली. ओला टॉवेल ओलांडून तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात आणि तव्याजवळ उभं राहून म्हणालात, "सापडलं."

एवढा आनंद तुम्हाला कधी झाला होता, साहेब?

"कधीपासून चालू आहे हे?" तुम्ही विचारलंत.

"आजच," भाग्येश म्हणाला. "बेअरिंग बसवत होतो."

"पहाटे पण बसवतोस?"

"नाही हो, साहेब. पहाटेचा वास वेगळा."

"वास वासच असतो." तुम्ही मागच्या माणसाला सांगितलंत, "लिहा. कुंभवली परिसरातील दुर्गंधीचा उगम सापडला. दुसरा मजला, स्वयंपाकघर. या भागातल्या सगळ्या तक्रारी निकाली. आणि इंजिन नमुना म्हणून ताब्यात घ्या."

"साहेब, इंजिन नका नेऊ. सोमवारी सातला मला..."

"नमुना म्हणजे नमुना."

साखरबाई दारातून म्हणाल्या, "साहेब, या पोरानं कालच इंजिन उतरवलं. मी फोन करायला लागले तवा याचं लगीन पन झालं नव्हतं."

तुम्ही ऐकलं नाहीत. ज्या दोन कामगारांनी इंजिन वर आणलं होतं, त्यांनीच ते त्याच चादरीत बांधून तुमच्या जीपमध्ये ठेवलं. पहिल्या मजल्यानं पुन्हा टीव्ही बारीक केला. भाग्येश जीपमागे धावत सांगत होता, "साहेब, बेअरिंग सरळ बसलंय, आदळू देऊ नका." जाताना तुम्ही उरलेला नारळ बरोबर घेतलात.

सोमवारी पहाटे भाग्येश पायी निघाला. अंगणात इंजिनाविना मोटारसायकल उभी होती, पोट काढलेल्या कोंबडीसारखी. मोठ्या रस्त्यावर एका टेम्पोनं त्याला अर्ध्या वाटेपर्यंत नेलं. गेटवर पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. कंत्राटदार म्हणाला, "गाडी कुठंय?" भाग्येश म्हणाला, "सरकारी ऑफिसात." गेटपास काढून घेताना कंत्राटदार म्हणाला, "हे कारण मात्र नवं आहे."

आणि त्याच पहाटे, साहेब, तो आला. आंबट, नेहमीचा, डोळ्यांत शिरणारा. साखरबाईंनी फोन लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली, आपल्या भागातील वासाचं कारण सापडलेलं असून तक्रार बंद झाली आहे.

साखरबाईंनी तिला जेवलीस का विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते तिनं तुमच्यापर्यंत पोचवलं नसेल, म्हणून तेच इथे लिहिलंय: भाग्येशचं इंजिन तुमच्या ऑफिसात आहे. कुलूप तुमचं, चावी तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरच्या शेगडीवर आज चहाशिवाय काही चढलेलं नाही. मग आज पहाटे कुंभवलीत वास कुणाचा होता?

सांगा.