टाकीत पडणारा घरमालक

दामूकाकांचा सिनेमा मी पुसून टाकला. उपकार करायला गेलो होतो.

दामूकाका मूळचे मुरबे गावचे, कारखान्यातल्या बॉयलरवर जन्म काढून निवृत्त झालेले. सरावलीच्या आमच्या चाळीत ते दर रविवारी संध्याकाळी एकच विनोदी सिनेमा लावतात. टीव्हीपुढे निरांजन, चपला बाहेर, शेवटी प्रसादाला चहा-खारी. सिनेमातला घरमालक भाडेकरूला हुसकायला गच्चीवर चढतो आणि तीनदा पाण्याच्या टाकीत पडतो. पडला की काका चित्र थांबवून आमच्याकडे वळतात.

"ह्यात तत्त्व हाय. टाकी म्हंजे संसार, मालक म्हंजे जीव. भिजला तरी परत चढतो."

शेजारच्या मिश्राजींना मराठी निम्मंच कळतं, पण हात सगळ्यात आधी तेच जोडतात. मग भाडेकरू कोण, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "जो विचारतो तो अज्ञानी."

काकांची प्रत म्हणजे टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेलं चित्रण. चित्र हलायचं, पंखा घरघरायचा, आणि मालक पडायच्या आधीच कुणी बाई खदखदून हसायची. तिच्यामागोमाग आमची अख्खी खोली हसायची. मी चाळीत नवा, त्यात कारखान्यात केमिस्ट. अशुद्धी दिसली की हात शिवशिवतात. टीव्ही अडकतो म्हणून काकांनी पेनड्राइव्ह माझ्याकडे दिला, तेव्हा मी त्यात स्वच्छ प्रत भरली आणि जुनी कायमची उडवली.

रविवारी चित्र आरशासारखं. मी कौतुकाची वाट बघत बसलेलो. मालकानं शिडीवर पाय ठेवला. खोलीत शांतता. तो पडला, तरी शांतताच.

काकांनी रिमोट दाबला. "हसली नाय ती."

मिश्राजी माझ्या कानाशी वाकले. "काकी की आवाज़ थी, बाबू."

काकी जाऊन चार वर्षं झाली होती. सिनेमा इतका पाठ, की मालक पडेपर्यंत तिला दम निघायचा नाही. मी काहीतरी पुटपुटलो, पेनड्राइव्ह दुकानात दाखवतो वगैरे. जुनी प्रत परत येणार नाही हे मला माहीत होतं. काकांनाही कळलं असावं. त्यांनी चित्र मागं नेलं.

मालकानं पुन्हा शिडीवर पाय ठेवला आणि मिश्राजी हसले. मग कोपऱ्यातल्या शिंपीणबाई, मग सगळी खोली. बरोब्बर काकीच्या जागेवर, तो पडायच्या आधी. काकांनी डोळे मिटून घेतले.

अपराधी वाटून मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. तोवर मालक टाकीत पडून वर आला होता.

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"तू हसू नको," ते म्हणाले. "तुला जमायचं नाय. तू चहा ठेव."