ही मांडी माझी

हरीसरांच्या घरी पहिल्यांदा गेलात, तर चहा यायच्या आधी ते तुम्हाला भिंतीसमोर उभं करतील. भिंतीवर कबड्डीच्या संघांचे फोटो आहेत. चषक, हार, छात्या फुगवून बसलेले खेळाडू. सर एका फोटोवर बोट ठेवतील आणि अत्यंत गंभीरपणे सांगतील, "ही मांडी माझी. अठ्ठ्याण्णवची."

तुम्ही नीट बघाल. मांडी दुसऱ्याच कुणाची तरी असेल. वरचं मुंडकंही त्याचंच असेल. तोवर सर पुढे सरकलेले असतात. "हा खांदा माझा. ही पोटरी माझी. डावीच फक्त. उजवी त्यानं माझं न ऐकता केली."

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी नवा राहायला आलो, तेव्हा घाबरून सोफ्याच्या टोकावर बसलो होतो. शेवटी आतून काकूंचा आवाज आला. "अहो, त्यांना बसू द्या आधी. कुणाचं काय काय तुमचं हाय, ते मागून सांगा."

हरिश्चंद्र भोईर मूळचे मोरव्याचे. घरचे सगळे मिठागरातले. सर मात्र एका बड्या कंपनीच्या कबड्डी संघाचे स्ट्रेंग्थ कोच झाले. कंपनी खेळाडूंना खेळण्यासाठीच पगार द्यायची. चढाई आणि पकड शिकवायला मोठा कोच वेगळा. सरांचं काम एकच, पोरांची अंगं घडवायची. पोरगं वजन उचलायला लागलं की पाठीमागे उभं राहायचं आणि कानात ओरडायचं, "श्वास सोड!"

सर निवृत्त झाले, संघ सुटला. ओरडणं काही सुटलं नाही.

मी एकदा बाजारातून भलंमोठं कलिंगड आणलं. जिन्यात टेकवलेलं पुन्हा उचलतोय, तोच पाठीमागून गर्जना झाली, "श्वास सोड!" मी श्वासही सोडला आणि कलिंगडही. ते गडगडत तळमजल्यापर्यंत गेलं आणि सरांच्या दारात फुटलं.

"बघितलंस राणे?" सर म्हणाले. "कंबरेतून उचलत होतास. करिअरचा पहिला धडा, जे काय उचलायचं ते मांडीतून."

सरांचे सगळे धडे पहिलेच असतात. खेळाडू जिंकला की आपण गप्प बसायचं, हा पहिला धडा. खेळाडूच्या लग्नात जेवायचं पण त्याच्या पानात बघायचं नाही, हाही पहिला. कोचनं फोटोत यायचं नाही, हा तर पहिल्यातला पहिला. मी एकदा विचारलं, "सर, दुसरा धडा कुठला?" ते म्हणाले, "दुसऱ्यापर्यंत टिकतो कोण?"

पुढे पुढे सगळी सोसायटीच त्यांच्या संघात भरती झाली. गॅसवाला सिलेंडर खांद्यावर घ्यायचा तर आधी त्याला उठाबशा काढाव्या लागत. तो हल्ली लांबूनच हाक मारून सिलेंडर फाटकाशी ठेवून पळतो. तिसऱ्या मजल्यावर बारसं झालं. बायका पाळणा म्हणत होत्या आणि सर बाळाच्या मुठीत आपलं बोट घालून उभे होते. "ग्रिप चांगली हाय," त्यांनी निकाल दिला. "मान कच्ची हाय. मानेवर काम करायला लागंल." बाळाची आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

जोशीबुवा वारले तेव्हा तर कमाल झाली. खांदेकरी तिरडीला हात घालणार, एवढ्यात सर पुढे झाले. पाय किती अंतरावर ठेवायचे, कुणी कुठल्या बाजूला राहायचं, सगळं समजावून झालं. मग रडणारं घर क्षणभर थांबलं, कारण सर ओरडले होते, "श्वास सोडा!" पण तिरडी अशी अलगद आणि सपाट उचलली गेली की जोशीकाकूही नंतर म्हणाल्या, "ह्यांना जिवंतपणी रिक्षातसुद्धा इतका आराम मिळाला नाही."

अशा माणसाची टिंगल झाली नसती तर नवल. त्यात आमचे सेक्रेटरी शाहभाई पुढे. त्यांचा सगळा रोख त्या अठ्ठ्याण्णवच्या मांडीवर होता. ती मांडी बुलेट सावंतची. एके काळी पेपरात फोटो यायचे असा चढाईपटू. "सरजी, इतना बडा प्लेयर आपका चेला, तो कभी घर पे क्यूं नहीं आता? एक फोन तो लगाओ."

"कोच फोन करत न्हाय," सर म्हणायचे. "खेळाडू करतो."

खेळाडूनं कधी केला नव्हता. हे आम्हाला माहीत होतं, कारण सरांचा फोन वाजला की ते तो किती घाईनं उचलतात आणि किती हळू ठेवतात, हे तळमजल्यावरून येता-जाता दिसायचं.

आणि मग सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला शाहभाईंनी कुणाच्या तरी ओळखीनं खुद्द बुलेट सावंतलाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. बातमी सांगताना ते मुद्दाम सरांच्या दारात थांबले. "अब तो पता चल जायेगा, सरजी. पहचानते हैं कि नहीं."

त्या दिवसापासून सरांनी ओरडणं बंद केलं. मी त्यांच्यासमोर पाण्याचं पिंप चक्क कंबरेतून उचललं, तरी ते काही बोलले नाहीत. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "झोपत न्हायत हो. आणि त्यानं वळखलं न्हाय तर ह्या भिंतीचं काय करायचं, असं विचारतात."

सव्वीस तारखेला मंडपात गर्दी झाली. पूजेसाठी कमी आणि मांडीच्या निकालासाठी जास्त. सावंत गाडीतून उतरले. आता कंपनीत अधिकारी. आधी पोट उतरलं, मग ते. शाहभाईंनी सरांना हाताला धरून पुढे आणलं. "पहचाना?"

सावंत हसले. रांगेतल्या सगळ्यांकडे बघून हसले होते तसेच. "नमस्कार काका," म्हणाले आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.

"नमस्कार साहेब," सर म्हणाले. मग कुणी काही विचारायच्या आत स्टेजच्या पडद्यामागे निघून गेले. मागच्या बाजूला पडदा सैल झालाय, धरायला हवा, असं काहीतरी पुटपुटले. मला फार वाईट वाटलं. शाहभाईंचाही चेहरा उतरला. टिंगल करायची होती, पण एवढी नाही.

दीपप्रज्वलन होतं. समई जमिनीवर. सावंत मेणबत्ती घेऊन वाकले, ज्योत लावली आणि वाकले ते वाकलेच. पाठ धरली होती. चेहरा लाल, मेणबत्तीचं मेण बोटांवर. माइकवर शाहभाईंना काही सुचेना. त्यांनी जाहीर केलं, "प्रमुख अतिथी देवाला नमन करी रह्या छे." लोकांना वाटलं, केवढी भक्ती. पहिली रांग हात जोडून उभी राहिली. मग दुसरी. गुरुजींनी हा कुठला नवा विधी म्हणून पोथी चाळायला घेतली.

आणि पडद्यामागून आवाज आला.

"कंबर सोड! मांडीत बस! श्वास सोड!"

सगळ्या सोसायटीनं सवयीनं श्वास सोडला. समई विझता विझता राहिली. आणि सावंत? ते गुडघ्यात मुडपले, मांडीत बसले, फूऽऽ करून श्वास सोडला आणि सरळ उभे राहिले. हे सगळं त्यांच्या अंगानंच केलं, त्यांना विचारलंही नाही. मागे वळण्याआधीच त्यांच्या तोंडून निघालं, "सर?"

पडदा बाजूला झाला. सर उभे होते, हातात पडद्याची दोरी.

"सर, समोर आलात आणि मला कळलंच नाही," सावंत म्हणाले. "तुम्ही कायम मागेच असायचात ना." ते पाया पडायला निघाले, तसं सरांनी छातीला हात लावून त्यांना अडवलं. "वाकू नको! मांडीत बसून कर नमस्कार."

सावंत बसले आणि तिथंच बसून राहिले. माइक चालू आहे हे विसरले असावेत. "फोन करायचा होता सर. खूपदा नंबर काढला. पण गुडघा गेला, पाठ गेली, पोट हे असं. तुम्ही एवढी मेहनत केलेली मांडी मी सांभाळली नाही. कुठल्या तोंडानं करणार होतो?"

सर खाली बसले. भर स्टेजवर, गुरुजींच्या आणि आमच्या बायकामुलांच्या समोर, त्यांनी प्रमुख पाहुण्याची मांडी दोन्ही हातांनी दाबून बघितली. बराच वेळ, डोळे मिटून.

"हाय," ते म्हणाले. "आत हाय अजून."

नंतर फोटो काढायचा होता. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला, तसे सर नेहमीच्या सवयीनं बाजूला सरकले. सावंतांनी त्यांना दंडाला धरून मधोमध ओढलं.

तो फोटो आता भिंतीवर आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, एकटे सर सावंतांच्या गुडघ्याकडे बघतायत. सावंत हल्ली रविवारी येतात आणि जिन्यात उठाबशा काढतात. शाहभाई त्यांना मोजून देतात.

परवा माझा मेहुणा गावाहून आला, त्याला घेऊन मी सरांकडे गेलो. भिंत झाली, शेवटचा फोटो आला. "ही मांडी माझी," सर म्हणाले. "सध्या झाकलेली हाय."

मेहुण्यानं भोळेपणानं विचारलं, "आणि हे मधे कोण? तुम्हीच ना?"

सर फोटोकडे बघत राहिले. "तो ना? तो मधी आलाय उगाच," म्हणाले आणि चहाचं बघतो असं सांगून आत गेले. सरांनी आयुष्यात कधी चहा बघितलेला नाही. सोफ्यावरून मला स्वयंपाकघर दिसत होतं. सर ओट्याशी आमच्याकडे पाठ करून ताठ उभे होते, खांदे वर ओढलेले.

काकू मागे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सोडा आता श्वास," त्या म्हणाल्या.