प्रोत्साहनाचा पांढरा कोट

"विचारील कोणी बाळा, तुझी कोणती रे जात,
म्हण डोंगरापल्याडची, नको दाखवू रे वाट."

तांब्याच्या कढयांना कल्हई लावता लावता आई हे गुणगुणायची. पन्नास वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे. आम्ही रोमा, गावोगाव फिरून तांब्याला चांदीसारखं चकचकीत करणं हा आमचा धंदा. आईनं मलाही तशीच कल्हई लावली आणि ती पक्की बसली. मी डॉक्टर झालो, मुरेश नदीकाठच्या या गावात दवाखाना थाटला. 'डोंगरापल्याडचे डॉक्टर' म्हणून लोक मानानं नाडी दाखवतात.

याच मानामुळे जिल्हा कार्यालयानं मला 'उद्याचे डॉक्टर' योजनेचा मानद सल्लागार नेमलं. उद्दिष्ट : रोमा मुलांना वैद्यकीय व्यवसायाकडे आकृष्ट करणे. साधनसामग्री : पांढरा कोट, नग एक, स्टेथोस्कोप, नग एक. पहिल्या वर्षी पलीकडच्या रोमा वस्तीतल्या बारा वर्षांच्या झाम्फिराला तो कोट चढवला. तो घोट्यापर्यंत आला. फोटो इतका गोजिरा निघाला की जिल्ह्यातल्या प्रत्येक भिंतीवर लागला. दुसऱ्या वर्षी नवी मुलगी शोधण्याऐवजी तिलाच बोलावलं. शेऱ्यात लिहिलं, 'अनुभवी लाभार्थी'. अशी सहा वर्षं गेली. कार्यक्रम नेहमी गुरुवारी, आणि शाळेत रसायनशास्त्र फक्त गुरुवारी. प्रोत्साहनापायी पोरीचं रसायनशास्त्र बुडत होतं. मी माझी जुनी पुस्तकं "रद्दी आहे, घेऊन जा" म्हणून तिच्या हातात कोंबायचो. पुढच्या खेपेला ती रद्दीतल्या शंका घेऊन यायची.

यंदा तिनं अनर्थ केला. योजनेच्या कार्यालयात माझ्यादेखत येऊन म्हणाली, "बाई, मला वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसायचंय. राखीव जागेसाठी शिफारसपत्र हवं. शुक्रवारी दोनपर्यंतच मुदत आहे."

योजनाधिकारी कोर्नेलियाबाईंनी चष्मा काढला. "कशाला गं?"

"डॉक्टर व्हायला."

"अगं, ती तर तू सहा वर्षं होतेच आहेस की!"

"खरीखुरी व्हायचंय."

बाईंनी नियमावली उघडली. "कलम चार. शिफारस त्याच समाजातल्या डॉक्टरनं करायची."

"असा डॉक्टर आहे?"

"आपल्या जिल्ह्यात शून्य. म्हणून तर योजना आहे."

"मग आमच्यातला डॉक्टर व्हायचा कसा?"

"शिफारशीनं."

"ती करायची कुणी?"

"डॉक्टरनं. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे वैद्यकशास्त्र शिकणार! काय हो डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरसाहेब खिडकीतून नदी बघत होते. नदी बघण्यासारखी मुळीच नव्हती.

कार्यालय निष्ठुर नाही. झाम्फिराचं मन मोडू नये म्हणून तिला 'आजीव प्रोत्साहित' हा किताब द्यायचं ठरलं, तोही शुक्रवारीच, शाळेच्या सभागृहात. सारं गाव लोटलं. कोट आता तिच्या गुडघ्यावर आला होता, बाह्या कोपराकडे पळत होत्या. महापौर म्हणाले, "या मातीतून उद्या डॉक्टर उगवो!" टाळ्यांनी छत हाललं. उद्या म्हणजे नक्की कधी, हे कुणी विचारलं नाही.

ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"काका, या स्टेथोस्कोपातून काहीच ऐकू येत नाही."

"नळी फाटलीय त्याची."

"माहितीय. पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"मग बोलली नाहीस ती?"

"म्हटलं, नवा आणेपर्यंत कार्यक्रम बंद ठेवतील. मग रद्दी कोण देणार?" ती हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आमच्या घरी एक कढई आहे. सफ्ता नावाच्या बाईनं कल्हई केलेली. आजी म्हणते, डॉक्टरांचं कपाळ अगदी सफ्ताचं."

माझ्या हातातलं, समारंभात वाटलेलं खारं पावाचं कडं खाली पडलं.

"वस्तीत कुणाकुणाला...?"

"अख्ख्या वस्तीला. पण बाहेर कुणी चकार शब्द काढत नाही. आणि मी काही मागत नाही हं, काका. नुसतं सांगितलं."

पावणेदोन वाजले होते. समोर माझेच पेशंट. ज्या हातांनी आत्ता टाळ्या वाजवल्या, त्याच हातांची नाडी मी रोज बघतो. उद्या त्यातले किती हात पुढे होतील? आणि तुम्ही? इथवर तुम्ही झाम्फिराच्याच बाजूचे, मला ठाऊक आहे. टाळ्याही कडकडून वाजवल्या असत्यात. फक्त एवढं सांगा, सोमवारी नऊचा पहिला नंबर तुमचा असेल, तर याल ना?

मी उठलो. महापौरांच्या हातून माईक काढून घेतला.

"कोर्नेलियाबाई, तो फॉर्म आणा. कलम चारपुढं लिहा. शिफारस करणाऱ्याची जमात : रोमा. आईचं नाव : सफ्ता कल्हईवाली. राहणार : जिथं कढई काळी पडेल तिथं." मग मी सभागृहाकडे वळलो. "आणि लोकहो, ते डोंगरबिंगर सगळं खोटं होतं."