आक्काच्या उशाशी निजणारी पुस्तकं

कोळेवाडीच्या शाळेत कुठलं पुस्तक कोणत्या वयाच्या माणसानं वाचावं, हे पुस्तकच ठरवत असे. नवं पुस्तक आलं की शाळेची समिती ते एखाद्या घरी मुक्कामाला ठेवी. सकाळी ते ज्याच्या अंथरुणात निजलेलं सापडे, त्याचं वय पुस्तकावर शिक्क्यानं उठवलं जाई. मग त्याच वयाच्या माणसानं ते उघडायचं. वय सरलं की पुस्तक त्याला बंद. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. म्हैस नाही का एकाच हाताला पान्हा सोडत, तसंच हे. एकदा गणिताचं जाडजूड पुस्तक सुताराच्या पाळण्यात जाऊन निजलं, तर त्याच्यावर ‘सहा महिने’ असा शिक्का पडला. सुताराचं पोर पुढं सातव्या महिन्यात गेलं आणि पुस्तक कपाटात गेलं. ते अजून दुसऱ्या पाळण्याची वाट बघतंय.

गुणाबाईचं दुखणं वेगळं होतं. तिच्या घरी आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्या थोरल्या जावेजवळ निजत होतं.

थोरली जाऊ म्हणजे ठकूबाई, तिची चुलतबहीणच; गुणा तिला आक्का म्हणे. दोघी एका माहेरच्या, एका घरात दिलेल्या. नवरे कधीच वारले होते. आता एकाच सोप्यात दोघींची अंथरुणं, मधे एक खांब. ठकू सत्तरची, गुणा सदुसष्टची. दोघींना अक्षराची ओळख नव्हती, पण नियम वयाचा होता, अक्षराचा नव्हता. म्हणून दर शनिवारी ठकू धुवट लुगडं नेसून शाळेत जाई, गुरुजी तिला खुर्ची देत, आणि ती आपलं पुस्तक उघडून मधल्या सुट्टीपर्यंत पानं उलटत बसे.

पुस्तकं गुणालाही मिळत, नाही असं नाही. सदुसष्टाव्या वर्षी जी ठकूजवळ निजली होती, ती आता गुणाच्या वयाला लागली होती. पण ती ठकूची उतरलेली. ठकूची आखूड झालेली परकरपोलकी गुणानं घातली, ठकूच्या पोरांचा पाळणा गुणाच्या पोरांनी वापरला, आणि आता पानांचे कोपरेसुद्धा ठकूनं दुमडलेले. आपल्या उशाशी येऊन एक तरी पुस्तक आपणहून निजावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिनं काय केलं नाही? मऊ गोधडी अंथरली. उशाला वाळा ठेवला. एकदा तर पुस्तकाला सुतळी बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं. सकाळी सुतळी नीट गुंडाळून ठेवलेली, आणि पुस्तक खांबापलीकडे ठकूच्या कुशीत. ठकू तोंड धूत म्हणाली, “गुणे, जीव लागतो गं त्यास्नी माझा. मी काय करू?”

गुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकात आहे तरी काय, असं तिनं एकदा विचारलं होतं, तर ठकूनं तिच्याकडं लहान पोरीकडं बघावं तसं बघून सांगितलं होतं की ते तुझ्या वयाचं नव्हे. ते वाक्य गुणाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

म्हणून एका सोमवारी ती शाळेत गेली आणि समितीपुढं हरकत घेतली. समितीत दोघंच, मुख्याध्यापक जगदाळे गुरुजी आणि अंगणवाडीच्या मंदाताई. गुणा म्हणाली, आक्काचं वय खोटं आहे. गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. पुराव्याशिवाय वय हलत नाही, असं त्यांनी सांगितलं.

गुणाकडं पुरावा होता. माहेरी गोठ्यात बिबट्या शिरला, त्या साली आपण पाळण्यात होतो, असं ठकू सगळ्यांना सांगत आली होती. तिचं वय त्यावरूनच धरलेलं.

“पाळण्यात कुठली?” गुणा म्हणाली. “बिबट्या आला तवा ती वड्यावरनं पाण्याची घागर कमरेवर घिऊन येत हुती. वराडली न् घागर टाकली. पाणी पार उंबऱ्यापतोर आलं.”

भरली घागर कमरेवर घेणारी पोर सातची तरी असणारच, हे मंदाताईंनी मान्य केलं. म्हणजे ठकूबाई सत्तरच्या नव्हेत, सत्त्याहत्तरच्या. गुणाला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” गुरुजींनी विचारलं.

“सांगायचं काय त्यात? मी डोळ्यांनी बघितलं. माझं पाय भिजलं की त्या पाण्यात.”

गुरुजींनी वहीत वर्षं ताडून बघितली. मग फार अदबीनं म्हणाले, “पण गुणाबाई, तुम्ही त्यानंतर तीन वर्षांनी जन्मलात.”

मंदाताईंनी बोटांवर वर्षं मोजली. आठवण राहायला पोर चारची तरी हवी, असं समितीचं मत पडलं. गुणाबाई चौऱ्याहत्तरच्या ठरल्या. पुस्तकांचे शिक्के बदलावेत का, याचाही विचार झाला. पण माणसाचं वय चुकलं म्हणून पुस्तकानं का म्हातारं व्हायचं, असं गुरुजींनी विचारलं आणि शिक्के तसेच राहिले. दोघींची वयं पुढं गेली, म्हणून कपाटातला सदुसष्टपासून सत्तरपर्यंतचा खण बंद झाला. ज्या घरात वयांचा भरवसा नाही तिथं पुस्तक मुक्कामाला ठेवायचं नाही, असंही ठरलं.

घरी ठकूनं सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही. चुलीपुढं बसली आणि म्हणाली, “पितळंची हुती गं ती घागर. लई जड.” गुणाला वाटलं होतं, आज आपल्याला गोड झोप लागेल. तशी ती लागली नाही.

वाडीत त्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून समितीनं आसपासच्या गावांत निरोप धाडले. पुढच्या शनिवारी एस.टी.तून एक बाई उतरली. सदुसष्ट वर्षांची, डोळ्याला चष्मा, हातात पिशवी. गुरुजींनी तिला खुर्ची दिली. यंदाची आणि पुढच्या तीन वर्षांचीही पुस्तकं तिच्यापुढं वाढून ठेवल्यासारखी होती.

ठकू आणि गुणा शाळेच्या कट्ट्यावर बसून खिडकीतून बघत होत्या. दोघी एका जागी अशा मांडीला मांडी लावून किती तरी वर्षांनी बसल्या होत्या.

“थुकी लावतीया पानाला,” ठकू म्हणाली.

“लावंल न्हाई तर काय. फुकटचं हाय.”

ठकूनं पानाची चंची सोडली, अर्धं पान गुणाला दिलं. बाईनं आणखी एक पान उलटलं आणि स्वतःशीच हसली. दोघींनी एकदम चावणं थांबवलं.

“सदुसष्टची वाटती व्हय तुला?” ठकू म्हणाली.

गुणानं खिडकीतल्या बाईकडं नीट बघितलं. मान, कानाच्या पाळ्या, बसायची ढब. मग तिनं बाईचं माहेर कुठलं, ते विचारलं.

“खोडद म्हनत हुती.”

“खोडदला माझी मावशी दिली हुती,” गुणा म्हणाली, आणि पाय वर घेऊन आठवायला बसली.