आप्पा साळवे गाडी बघतात

आप्पा साळवे कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिला हातोडीने ठोकून बघत. माठ, कलिंगड, नवी बादली, दाराची चौकट, काहीही. एकदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा हातोडी जवळ नव्हती म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या बोटाच्या पेराने वाजवला आणि म्हणाले, "वहिनी, बुडाला चीर हाय." आठवड्याभरात तांब्या गळू लागला. माझ्या बायकोने त्याचा दोष तांब्याला दिला नाही, आप्पांना दिला.

यात आप्पांची काही चूक नव्हती. दौंडच्या स्टेशनात त्यांनी आख्खी नोकरी ठोकण्यातच काढली होती. गाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन निघायचं आणि एकेका चाकाला ठोका द्यायचा. चाक शाबूत असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर 'ठप्प'. नादुरुस्त डब्यावर खडूने खूण करायची. रेल्वेच्या भाषेत असा डबा 'सिक', बाकीचे 'फिट'. रिटायर झाल्यावर रेल्वेने हातोडी ठेवून घेतली, तर आप्पांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून छोटी हातोडी आणली. खडू मात्र माझ्या शाळेतले असत.

जगाची विभागणीही त्यांनी तशीच केली होती. आमचे हेडमास्तर सिक. कोपऱ्यावरचा चहावाला फिट. मी "फिट, पन अधनंमधनं बघाय लागतंय."

आणि असा हा माणूस, नव्वदीचं दशक संपता संपता, जुनी मोटार घ्यायला निघाला.

कारण घडलं ते असं. आप्पांची एकुलती एक मुलगी सुजाता निमोण्याला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण या माहेरात आईच नव्हती. आप्पांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. निमोण्याच्या विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या, तितक्याच मोकळ्या तोंडाच्या. त्यांनी आप्पांना उभ्या उभ्या सुनावलं, "पोरगी जीपात कोंबून न्ह्यायची न्हाई. हाडं खिळखिळी व्हत्यात त्या रस्त्यानं. सातव्यात चांगली गाडी घिऊन या, मग खुशाल न्या. न्हाईतर मी हाय हितं समर्थ."

आप्पांना ते लागलं. घरी येऊन मला म्हणाले, "मास्तर, आई न्हाई म्हंजी म्हायेर न्हाई व्हय? बाप काय भाडेकरू हाय?"

"भाड्याची गाडी करू ना आप्पा," मी म्हणालो.

"भाड्याची न्हाई. ऐन वेळी दवाखान्यात न्ह्यायचं झालं तर गाडी दारात पायजे. डिकीवाली पायजे. आन् फिट पायजे."

मला गाडी चालवता येते, एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून माझे सगळे रविवार आप्पांच्या नावे झाले.

पहिली गाडी रांजणगावला एका कंपनीतल्या साहेबांची. बदली झाली होती, गाडी विकायची होती. पांढरीशुभ्र, दुधात धुतल्यासारखी. साहेब कौतुकाने दार उघडून दाखवत होते, तोवर आप्पांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली हातोडी काढली. टण. टण. टण. साहेबांचा चेहरा दर ठोक्याला आक्रसत चालला.

"अंकल, ये गाडी है, तरबूज नहीं!"

आप्पांनी एक हात वर करून त्यांना गप्प केलं. टण. टण. ठप्प.

"हितं चेपलेल्या पत्र्यात लांबी भरलीया. वरनं रंग दिलाय. कुठं धडकली?"

"कभी नहीं! कसम से!"

एवढ्यात खिडकीतून साहेबांच्या घरच्या बाई म्हणाल्या, "अजी, वो ट्रैक्टर वाला बता दो ना, बुज़ुर्ग आदमी हैं।"

साहेब बायकोकडे वळले, तेवढ्यात आप्पांनी बंपरवर खडूने मोठ्या अक्षरांत 'सिक' लिहिलं. मी गिअर न पाहता स्कूटर काढली. आप्पा मागे बसून शांतपणे म्हणाले, "दुसरं कुनी फसाय नको, म्हनून लिवलं."

दुसरी मोहीम कासुर्डीजवळ, हायवेलगतच्या एका गाड्यांच्या अड्ड्यावर. तिथला मालक प्रत्येक गाडीची ओळख एकाच वाक्याने करून द्यायचा: "लेडी डॉक्टरची गाडी, एकच हात." चौथ्या गाडीलाही लेडी डॉक्टर आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "या भागात इतक्या लेडी डॉक्टर असत्या, तर मानसं आजारी कशाला पडली असती?"

मग गाडीत वाकून त्यांनी पायाखालचं पायपुसणं उचललं आणि खालच्या गालिच्याला नाक लावलं. "ही पाण्यात बुडाली व्हती." पुढच्या गाडीत ब्रेकच्या पायडलावर बोट फिरवलं. रबर गुळगुळीत, टकलासारखं. "मीटर म्हनतंय बत्तीस हजार. रबर म्हनतंय दोन लाख. मी रबराचं ऐकतो."

त्यानंतरच्या गाडीखाली ते पोटावर सरपटत शिरले आणि बराच वेळ बाहेर येईनात. दोन पाय तेवढे दिसत होते. हायवेवरची माणसं अपघात समजून धावत आली, एकाने तर मला गचांडी धरून विचारलं, "दिसत न्हाई का रं म्हातारं मानूस?" गाडीखालून आवाज आला, "गिअरचं ऑइल गळतंय. सिक!"

असा सहावा महिना गेला, सातवा गेला. गाड्यांचे दलाल आप्पांना लांबून ओळखू लागले. माझी बायको म्हणाली, "तुमच्या आप्पांची गाडी यायच्या आत बाळ चालत येईल दौंडला." निमोण्याहून निरोप आला, आठवा लागलाय, आता पंधरा दिवसांत न्यायचं तर न्या, नाहीतर विषय संपला.

आणि मग शिरूरला ती गाडी भेटली. औषधाच्या दुकानाच्या मालकाची, राखाडी, चार दारांची, मागे ऐसपैस डिकी. मालक असा की गाडीचे दोष त्यानेच आधी सांगितले: मागचं दार जोरात लावावं लागतं, हॉर्न कधी कधी रुसतो, डाव्या अंगाला ओरखडा आहे तो बायकोने फाटकाला घासला. आप्पांनी ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण, सगळीकडून देवळातल्या घंटेसारखा आवाज. गालिचा सुका. पायडलाचं रबर मीटरशी इमान राखणारं. इंजिन मांजरासारखं गुरगुरणारं. मी तर मनात दौंडपर्यंत जाऊनही आलो.

आप्पा म्हणाले, "अजून एखादी बघू."

मी त्यांना एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर ओढत नेलं. इतक्या रविवारांचा राग होता तो. "आप्पा, आता काय राहिलं? सांगा, कुठं ठप्प वाजलं?"

त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. प्यायले नाहीत.

"गाडी फिट हाय, मास्तर."

"मग?"

"सुजीची आई असती तर तिला समदं म्हाईत असतं. पोरीला कळ आली तर ती खरी का खोटी, बाळ रडलं तर भुकेनं का पोटानं. मला चाकाचा आवाज कळतो. ह्यो मला न्हाई कळायचा." मग हळूच म्हणाले, "गाडी मिळाली की पोरगी आनावी लागंल."

मी माझा ग्लास खाली ठेवला. म्हणालो, "मग विहीणबाईंनाच बोलवा की."

"येडं का काय! पोरीच्या म्हायेरी बाळंतपनाला सासूला न्हेत्यात व्हय कुनी? काय म्हनंल ती बाई? एवढा ताठा केला आन् आता पाय धरतोय?"

पण गाडी त्यांनी घेतली. पुढच्या रविवारी आम्ही निमोण्याला पोचलो. जयभीम झाला, चहा झाला. सुजाता जपून पावलं टाकत गाडीत बसली. विहीणबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान डोलावली. आप्पांनी डिकी उघडली, सुजीची पेटी ठेवली, आणि डिकी लावायची सोडून तसेच उभे राहिले.

"डिकी लई मोठी हाय," ते चाकाकडे बघत म्हणाले. "तुमचं बी सामान बसंल."

"माझं सामान कशाला?"

आप्पांचे कान लाल झाले. विहीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तरातरा घरात गेल्या. झालं, बाई रागावली, मी मनात म्हटलं. सुजाता गाडीतून मान काढून बघू लागली. दहा मिनिटांनी विहीणबाई हातात बोचकं घेऊन बाहेर आल्या, ते त्यांनी डिकीत टाकलं आणि सुनेशेजारी जाऊन बसल्या.

गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. मी खड्डे चुकवत होतो, आप्पा माझ्या शेजारी ताठ बसले होते आणि मागून चौकशी सुरू झाली.

"शेगडी हाय का घरात?"

"हाय."

"कोळसा?"

"पोतंभर."

"डिंक, खारीक, हळीव?"

"हाय."

"गुटी उगाळाय सहान?"

"हाय. नवी आनलीया."

"आन् दुपटी?"

"हिच्या आईची लुगडी व्हती. धुऊन मऊ केली. बारा शिवून घेतली."

सुजाताने तोंड खिडकीकडे वळवलं. मग विहीणबाई म्हणाल्या, आवाज आता बराच खाली आलेला,

"समदंच हाय की दादा. मग मला कशाला न्हेताय?"

आप्पांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"इचारायला कुनी न्हवतं," ते म्हणाले.