टिप देण्याचे धकाते सूत्र

प्रताप नगरातल्या मनोहरराव धकाते यांच्या घरी जेवण पोहोचवायला आलेला माणूस जेवण देऊन झाल्यावर निघून जात नसे. तो व्हरांड्याच्या पायरीवर बसे, हेल्मेट मांडीवर घेई आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी समोरच्या बोगनवेलीकडे पाहत राही. शेजारी रुपराव वंजारींकडे मात्र तोच माणूस पिशवी फाटकाला अडकवून, गाडी बंदही न करता, पुढे जाई. रुपराव दर खेपेला पन्नास रुपये टिप देत. मनोहरराव दहा देत.

महिना मे होता. दुपारच्या वेळी रस्त्यावरचे डांबर मऊ पडे, कुत्री नालीत शिरत, आणि सारी वसाहत दिवसाढवळ्या झोपेत चालल्यासारखी दिसे. अशाच एका दुपारी गच्चीवरच्या कुरडया उचलताना मनोहररावांच्या पत्नी प्रेमिलाबाई घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. दवाखान्यात प्लास्टर वाळायच्या आत त्यांची थोरली बहीण जनाबाई मनीषनगरहून हजर झाली.

"चाल प्रेमिले, माह्या घरी. दोघंही चाला. ह्यायले तर भातही लावता येत नाही."

मनोहररावांनी भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात घालवली होती. जनाबाईंच्या घरी पहाटे उठून दुधीचा रस प्यावा लागे, आणि तो पिताना एका बुवांचे प्रवचन ऐकावे लागे, ज्यात गुरुत्वाकर्षण हा मनाचा विकार ठरला होता. मनोहरराव शांतपणे म्हणाले, "तशी गरज नाही, ताई. प्लास्टर निघेपर्यंत रोज एक वाजता हिच्यापुढे गरम जेवण असेल. शब्द देतो."

"आन् नसलं तर?"

"तर येऊ. दोघंही."

रिक्षात बसल्यावर प्रेमिलाबाई म्हणाल्या, "मले माह्या घरीच राहायचं आहे हो. पण उपाशी नाही राहायचं."

अशा रीतीने चौकातल्या खानावळीतून मोबाईलवर जेवण मागवणे सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी टिप किती द्यावी हा प्रश्न उभा राहिला. मनोहररावांना कोणताही प्रश्न अंदाजाने सोडवणे आवडत नसे. टिप ही दया नसून भरपाई आहे, आणि नागपुरात भरपाई उन्हाची द्यायची असते, इतके त्यांनी आंघोळ होईपर्यंत सिद्ध केले.

"मूळ दहा रुपये," ते प्रेमिलाबाईंना म्हणाले. "चाळीस अंशांच्या वर दर अंशाला पाच."

"आन् आज किती अंश आहे?"

मनोहररावांनी व्हरांड्यात जाऊन भिंतीवरचा तापमापक पाहिला. "अडतीस."

"पेपरात तर पंचेचाळीस लिहून राहिले."

"पेपर सोनेगावच्या वेधशाळेचं तापमान छापते. माणूस माझ्या दारात उभा राहणार आहे."

"म्हणजे दहाच रुपये."

"सूत्रानं दहा."

"तुमच्या सूत्राले लाज नाही वाटत का हो?"

सूत्राला भावना चिकटवल्या की त्याचे काय होते, हे मनोहररावांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळ पाहिले होते.

पहिले जेवण अंकित नावाच्या तिशीतल्या गृहस्थाने आणले. त्याने दहाची नोट घेतली, कपाळाला लावली आणि तो पायरीवर बसला. उठेचना. शेवटी मनोहररावांनी दार उघडून विचारले, "काहून गा, बसून राहिला?"

"बसतो जरासा, काकाजी. तुमच्या इथं मस्त वाटते."

"पलीकडे तर पन्नास भेटतात म्हणे."

"भेटतात ना. पण तिथं थांबावंसं नाही वाटत."

हे बोलताना अंकितच्या चेहऱ्यावर जी तृप्ती होती, ती मनोहररावांनी यापूर्वी फक्त शेवटचा तास रद्द झाल्याचे ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांत पाहिली होती. त्यांना गहिवरल्यासारखे झाले. मनमानीने फेकलेल्या पन्नासांपेक्षा न्यायाने दिलेले दहा रुपये माणसाला अधिक प्रिय असतात, हे तत्त्वज्ञांनी मांडले असेल. पण पायरीवर बसलेला पुरावा त्यांच्याजवळ कुठे होता?

आठवडाभरात पुरावे वाढले. पायरीवर कधी तिघे बसत, कधी चौघे. रंगीबेरंगी टीशर्टातली ही मंडळी फार बोलत नसत. एखादा भिंतीला डोके टेकी, एखादा बूट काढून बोटे मोकळी करी, आणि खसाचा म्हणजे वाळ्याचा मंद वास कुठून तरी त्यांच्यावरून वाहत जाई. मनोहररावांनी आत बसून जेवण मागवले की बाहेर पायरीवरच कुणाचा तरी फोन वाजे. तो माणूस स्वप्नातून उठल्यासारखा उठे, चौकात जाई, पिशवी घेऊन येई आणि पुन्हा आपल्या जागी बसे. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा ताटात वाढला तरी वाफाळत असे. प्रेमिलाबाई डाव्या हाताने चमचा धरून जेवत आणि मान्य करत, की जेवणाबद्दल तक्रार नाही.

"सूत्राबद्दल?" मनोहरराव विचारत.

"ती आहे."

रुपरावांना हे पाहवेना. ते रस्त्याचे ठेकेदार होते आणि माणसे कशाने हलतात हे आपल्याला कळते, असा त्यांचा समज होता. एके दिवशी ते कुंपणापाशी आले.

"काय मंतर घातला गा मनोहर? माह्या इथं पिशवी फेकतात, तुह्या इथं मुक्काम करतात."

"मंत्र नाही, रुपराव. सूत्र आहे." आणि मनोहररावांनी ते समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी रुपरावांनी पन्नासाऐवजी दहा दिले. तिसऱ्या दिवशी त्यांची पिशवी फाटकावर अशी उलटी लटकली होती, की वांग्याची भाजी आधी चपलांवर आणि मग जमिनीवर उतरली होती.

"तुह्या सूत्रानं माही भाजी सांडवली," रुपराव कुंपणावरून म्हणाले.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका."

"निरीक्षण नाही गा, भाजी होती ते."

मनोहररावांना वाईट वाटले. पण आतून त्यांना कळत होते, की नुसते सूत्र पुरेसे नसते. देणाऱ्याची वृत्तीही लागते. रात्री गच्चीवर पडल्या पडल्या त्यांना आपण मोठ्या सभागृहात उभे आहोत असे दिसू लागले. समोर रांगांमागून रांगा, प्रत्येकाच्या मांडीवर हेल्मेट, प्रत्येकाचे डोळे अर्धवट मिटलेले. टाळ्या अशा हळुवार, की जणू कापूस पिंजतो आहे कुणी.

याच सुमारास पुण्याहून मुलीचा, भूमिकाचा, फोन आला. आई प्लास्टरमध्ये खाजवून बेजार झाली आहे आणि घरात अजून कूलर चालतो, हे ऐकून तिने एसी पाठवून दिला. बसवणाऱ्याने घर पाहिले. मागच्या खिडकीला कूलर होता. तो बंद करायला त्याने सांगितले. व्हरांड्याकडची खिडकी लावून घेतली. बाहेरचे यंत्र बसवायला व्हरांड्याचीच भिंत सोयीची होती, तेव्हा ते पायरीच्या वर बसले. बैठकीत हिमालय अवतरला. प्रेमिलाबाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा शाल मागितली.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातला तापमापक अठ्ठेचाळीस दाखवत होता. मनोहररावांनी हिशेब केला आणि अंकितच्या हातात, काहीशा समारंभाने, पन्नास रुपये ठेवले.

अंकितने नोट पाहिली, मग पायरी पाहिली, मग वर भिंतीकडे पाहिले. "येतो, काकाजी," तो म्हणाला आणि गाडीवर बसलासुद्धा.

त्यानंतर पायरीवर कुणी बसले नाही. मागवलेले जेवण कुणी पटकन स्वीकारेना. ते चौकातच पडून राही. एकाचे दीड झाले, दीडचे दोन. पोळ्या अशा येऊ लागल्या, की त्यांच्यावर सही करता आली असती.

"टिप वाढली आणि माणसं गेली," मनोहरराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अती टिप स्वाभिमानाला लागते. रुपरावांचं हेच झालं असणार."

"मग दहा देऊन पाहा ना."

त्यांनी दहा देऊन पाहिले. आणणाऱ्याने दहाच्या नोटेकडे पाहिले, नंतर मनोहररावांकडे पाहिले, आणि तोही गेला.

"नमुना लहान आहे," मनोहरराव म्हणाले.

"भूक मोठी आहे," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

बातमी मनीषनगरला पोहोचायला वेळ लागला नाही. जनाबाईंनी फोनवर निकाल देऊन टाकला. "उद्या एक वाजता मी व्हिडिओ कॉल लावीन. जेवण दाखवा. नाही तर चार वाजता गाडी येते. दुधी आणूनच ठेवला आहे."

त्या रात्री प्रेमिलाबाई कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. कोणते लुगडे न्यायचे आणि कोणते ठेवायचे, असे त्या डाव्या हाताने चाचपून पाहत होत्या. "तुम्ही शब्द काहून दिला हो?" त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मनोहररावांना जास्त लागले.

सकाळपासून विजेचा दाब इतका पडला, की दुपारी एसीने मान टाकली.

"तो जुना कूलर लावा," प्रेमिलाबाई पलंगावरून म्हणाल्या. "आन् व्हरांड्याकडची खिडकी उघडा, नाही तर घर ओलं होते."

मनोहररावांनी टाकीत पाणी भरले, कूलर सुरू केला, खिडकी उघडली. नागपुरात वाढलेला माणूस या गोष्टी श्वास घेतल्यासारख्या करतो आणि त्यांच्याबद्दल तितकाच विचार करतो. मग त्यांनी जेवण मागवले आणि काळजीत, रस्त्याकडे पाहत पायरीवर बसले.

ऊन फाटकापर्यंत आले होते. बोगनवेलीची फुले कागदासारखी सळसळत होती. रस्त्याच्या टोकाला हवा पाण्यासारखी थरथरत होती आणि त्या पाण्यातून एक पिवळी गाडी येत होती, किंवा येत नव्हती. मनोहररावांच्या मानेवरून काहीतरी थंड वाहू लागले. त्याला खसाचा वास होता. आता सूत्रात कोणते पद चुकले, असा विचार त्यांनी सुरू केला. तो विचार अर्ध्यावर वाकला, मऊ झाला आणि सभागृहातल्या टाळ्यांत विरघळून गेला.

एक वाजता फोन वाजला. प्रेमिलाबाई तो घेऊन खिडकीपाशी आल्या.

"जेवण दाखव," जनाबाई म्हणाल्या.

प्रेमिलाबाईंनी फोन खिडकीबाहेर धरला. पायरीवर खानावळीची पिशवी होती, तिच्यातून वाफ निघत होती. पिशवीच्या डाव्या बाजूला मनोहरराव भिंतीला डोके टेकून झोपले होते. उजव्या बाजूला मांडीवर हेल्मेट घेऊन अंकित झोपला होता.

"ह्यायले काय झालं वं?" जनाबाईंनी विचारले.

"झोपले आहेत, ताई. जेवण आलं आहे. वेळेवर आलं आहे."

"तो उजवीकडचा कोण आहे?"

"आणणारा."

"बरं. गाडी नाही पाठवत," जनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रेमिलाबाईंनी खिडकीतूनच दोघांना उठवले आणि अंकितला स्वतःच्या हाताने पन्नास रुपये दिले. त्या दिवसापासून टिप किती द्यायची ते त्याच ठरवतात. एसी फक्त रात्री चालतो.

मनोहररावांनी जेवणानंतर तळहात खिडकीच्या गजांपुढे धरला, तापमापक पुन्हा पाहिला, आणि त्यांना कारण सापडले. ते असे. कूलर मागच्या खिडकीतून, खसाच्या ताट्यांतून ओढलेली गार हवा घरात ढकलतो आणि ती हवा दुसरीकडून बाहेर पडावी लागते. या घरात तिला बाहेर पडायला व्हरांड्याकडची एकच खिडकी होती, आणि पायरी तिच्या अगदी खाली होती. जेवण आणणारे लोक गारव्याला बसत होते, आणि बसलेले असल्यामुळे जेवण लवकर येत होते. टिप दहा रुपये निघत होती, कारण तापमापकही त्याच गारव्यात टांगलेला होता. एसी आल्यावर ती खिडकी बंद झाली आणि बाहेरचे यंत्र पायरीवर गरम हवा फेकू लागले, तेव्हा माणसे गेली आणि टिप पन्नास झाली. आज रुपरावांकडे पिशवी द्यायला आलेल्या अंकितला तो गारवा पुन्हा जाणवला, म्हणून त्याने जेवण लगेच आणले. मनोहररावांच्या न्यायबुद्धीचा या घटनेशी कोणताही संबंध आढळला नाही.