शमुवेलमामांची लाट

जगातली प्रत्येक लाट किनाऱ्याला लागली की फुटते. शमुवेलमामांची लाट तेवढी वाढते.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा होडीच्या काठाएवढी होती. माझं लग्न ठरेपर्यंत घरावरून गेली, पोरं शाळेत जायला लागेपर्यंत माडावरून. गेल्या नाताळात तर ती दीपगृहाच्याही वर पोचली आणि मामांच्या सांगण्याप्रमाणे आतल्या दिवेवाल्याने घाईघाईने खिडकी लावून घेतली.

आमच्या रत्नागिरीच्या छोट्याशा बाप्टिस्ट मंडळीत एक रिवाज आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढाऱ्यांपैकी एकाने उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगायचं. खजिनदारांची साक्ष दोन वाक्यांची. "मी पूर्वी फार तापट होतो. आता नाही." यावर त्यांच्या सौभाग्यवती इतक्या जोरात खोकतात की 'आमेन' कोणाला ऐकू येत नाही. पण डीकन शमुवेलमामांची पाळी आली की शेजारच्या गल्लीतले लोकही खिडकीशी येतात. मामा म्हणजे जुने तांडेल, आयुष्य मच्छीमार बोटीच्या सुकाणूवर गेलेलं. त्यांनी मिऱ्या बंदरावर 'हालेलुया' म्हटलं तर भाट्याच्या खाडीतले बांगडे जाग्यावर दचकतात.

गोष्ट साधी. तरुणपणी मामांचा रविवार माडी पिण्यात आणि पत्त्यांत जायचा. चर्चची घंटा ऐकली की ते सुकाणू उलटं फिरवत. एका संध्याकाळी वादळात इंजिन बंद पडलं, लाट उठली आणि मामा ओरडले, "देवा, ह्यातनं काढ, पुढचे सगळे रविवार तुझे!" देवाने काढलं. मामांनी बाप्तिस्मा घेतला आणि शब्द पाळला. मी पेटी वाजवतो. लाट आली की तिच्या उंचीचा सूर धरणं माझं काम. अलीकडे पेटीच्या पट्ट्या कमी पडायला लागल्या होत्या.

आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हेत. अख्खा माणूस पाण्याखाली जाऊन वर यायला हवा. तो आम्ही भाट्याच्या समुद्रात करतो आणि दिवस ठरवतात मामा, कॅलेंडरातली तिथी बघून. नवे पाळकसाहेब जालन्याकडचे. समुद्र त्यांनी इथे येईपर्यंत कॅलेंडराच्या चित्रातच पाहिलेला. ते दचकले.

"मामा, आपल्यात मुहूर्त बघायचा?"

"मुहूर्त नाय ओ, पाणी! भरती काय तुमची पत्रिका छापून येते? दर्याला विचारा!"

'दर्याला विचारा' हे मामांचं शेवटचं वाक्य. वाद भाड्याच्या खुर्च्यांचा असो की बिर्याणीतल्या मिठाचा, तिथे तो संपायचा. आजवर दर्याने मामांविरुद्ध उत्तर दिलेलं नव्हतं.

एकच गोष्ट मामांना खुपत होती. निम्म्या मंडळीला त्यांनी हाताला धरून पाण्यात नेलं, पण घरच्या रूथमामी कोरड्याच राहिल्या. दर रविवारी बायकांच्या बाकावर पहिल्या, गाण्यात पहिल्या, आणि बाप्तिस्म्याचं नाव काढलं की पदर खोचून स्वयंपाकघरात. "काय तांडेल," खजिनदार खिजवायचे, "जगाला भिजवलंत आणि घरात दुष्काळ!"

शेवटी पाळकसाहेब मला घेऊन मामांच्या पडवीत जाऊन बसले.

"मामी, विश्वास नाही का तुमचा?"

"विश्वास हाय. यांच्यापेक्षा जुना हाय," मामी म्हणाल्या. "पाण्याचं भय वाटतं."

मी खो खो हसलो. "तांडेलाची बायको आणि पाण्याला भ्यायची?"

"मी घाटाखालच्या पोफळीची, मास्तर. लग्नाआधी पाणी बघितलं ते कळशीत. आणि इथं दर वेळी यांची लाट ऐकते. तुम्ही वर पेटी वाजवता. डोकं पाण्याखाली घालायचं म्हटलं की तीच येते डोळ्यांपुढं, दीपगृहाएवढी."

मामांनी 'दर्याला' म्हणायला तोंड उघडलं. मग रिकामा कप उचलून ते बराच वेळ चहा प्यायले.

पुढच्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "बाप्तिस्मा पौर्णिमेला. संध्याकाळी पाचाला. पाणी भरपूर." आम्ही एकमेकांकडे बघितलं. पौर्णिमेला भरती भर दुपारी आणि संध्याकाळी ओहोटी, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही कळतं. पण मामांपुढे बोलणार कोण?

पौर्णिमेला भाट्यावर गेलो तर समुद्र घरी नव्हता. बहुधा लक्षद्वीपला पाहुणा गेला असावा. आम्ही चालतोय, चालतोय, पायाखाली नुसती ओली वाळू आणि कुर्ल्या. पाळकसाहेबांनी झग्याच्या आत मुलाची पोहायची ट्यूब घातली होती. ते नाकारतात, पण चालताना ती चुंई चुंई वाजत होती. कालवं काढायला आलेल्या बायका पोट धरधरून हसल्या.

"काय ओ तांडेल, दर्या कुठं विकून आलांव?"

मामांनी मान खाली घातली. "चुकला हिशेब," ते म्हणाले.

तांडेलाच्या तोंडून हे शब्द रत्नागिरीने कधी ऐकले नव्हते. खजिनदारांची चप्पल चिखलात रुतली, ती काढायचंही त्यांना सुचेना.

अखेर गुडघाभर, संथ पाणी लागलं. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत कोण आधी, अशी चुळबूळ चालू असताना रूथमामी पदर खोचून पुढे आल्या आणि पाटावर बसावं तशा पाण्यात बसल्या. मामांनी मानेखाली हात घातला.

"डोळे मीट गो. मी हाय."

पाळकसाहेबांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. मामी खाली गेल्या आणि वर आल्या.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?" असं म्हणून त्या हसायलाच लागल्या.

परतताना मी मामांना गाठलं. "मामा, पौर्णिमेची ओहोटी तुम्हाला कळली नाही? तुम्हाला?"

"गप, मेल्या," ते हळूच म्हणाले. "तांडेल चुकला म्हणून सांग गावभर. तुझ्या तोंडून चांगलं पसरतं."

मी पसरवलं. अजून पसरवतोय.

नंतर मामांची साक्षीची पाळी आली. चर्च खचाखच. माडी झाली, पत्ते झाले, इंजिन बंद पडलं. मी सगळ्यात वरच्या पट्टीवर बोट ठेवून तयार.

"आणि लाट आली," मामा म्हणाले आणि थांबले. बायकांच्या बाकाकडे बघितलं. "तशी काय मोठी नव्हती. होती आपली, गुडघ्याएवढी."

एवढ्या बुटक्या लाटेचा सूर मला येत नव्हता. खिडकीतले लोक हिरमुसले. तेवढ्यात रूथमामी उभ्या राहिल्या.

"अहो, देवाच्या घरात खोटं नका बोलू. माडाएवढी होती."

"तुला काय ठाऊक गो?"

"मी बंदरावर उभी होते. दिवस कलल्यापासून. नवी नवरी, पावसात, एकटी. मला दिसत होती ती. तुमची बोट दिसत नव्हती."

इतक्या वर्षांच्या साक्षीत देव होता, दर्या होता, मामा होते. किनाऱ्यावर कधी कोणी नव्हतंच.

मामांनी बाजूला सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"मग पुढचं तू सांग," ते म्हणाले.

मामी पुढे आल्या. मी पेटीचा भाता मिटला.